प्रलयाच्या कथा आणि वर्धेचा पूर

राजुऱ्याहून बल्लारपूरला जायचे तर वर्धा नदी ओलांडावी लागते. उन्हाळ्यात या नदीचे पात्र वाळूने भरलेले असते आणि पाणी एका कडेने वाहते. पावसाळ्यात हीच नदी काठ सोडते. जुलै २०२२ मध्ये तिच्या पुराने राजुरा-बल्लारपूर वाहतूक बंद पाडली आणि दोन्ही काठांवरची शेते पाण्याखाली नेली. असा पूर आला की गावातील वृद्ध माणसे त्याची जुन्या पुरांशी तुलना करू लागतात. "त्या साली पाणी मारुतीच्या पारापर्यंत आले होते," असे कोणी सांगतो, तर कोणी त्याहून मोठा पूर आठवतो. आठवणी मागे जाता जाता कथा सुरू होतात, आणि कथांमध्ये शेवटी सगळी पृथ्वीच पाण्यात बुडते.

जगातील कितीतरी लोकांनी अशा महापुराच्या कथा सांगितल्या आहेत. त्यांत खरे किती आणि कल्पना किती? सगळी पृथ्वी कधी बुडाली होती काय? नसल्यास ही कथा इतक्या ठिकाणी कशी आढळते? आणि वर्धेच्या काठी राहणाऱ्याला तिचा काही उपयोग आहे काय? या लेखात आपण हे प्रश्न क्रमाने तपासू.

कथा अनेक, सांगाडा एक

आपल्याकडील सर्वांत जुनी लिखित पूरकथा शतपथ ब्राह्मणात आहे. मनू हात धूत असताना त्याच्या ओंजळीत एक लहान मासा येतो आणि "माझे रक्षण कर, मी तुझे रक्षण करीन" असे म्हणतो. मनू त्याला आधी मडक्यात, मग खड्ड्यात आणि शेवटी समुद्रात सोडतो. मासा त्याला येणाऱ्या पुराची सूचना देतो. मनू नाव बांधतो, ती माशाच्या शिंगाला दोराने जोडतो आणि उत्तरेकडील पर्वतावर पोहोचतो. पाणी उतरेल तसतसे खाली उतर, एकदम उतरू नकोस, असेही त्याला सांगण्यात येते. ही शेवटची सूचना ध्यानात ठेवा. ज्याने पूर पाहिला आहे त्यालाच ती सुचू शकते.

मेसोपोटेमिया म्हणजे आजच्या इराकमध्ये तैग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या काठी अशीच कथा होती. निनेव्हे येथील असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयातील मातीच्या विटांवर ती कोरलेली सापडली. जॉर्ज स्मिथ या अभ्यासकाने ती वाचली आणि डिसेंबर १८७२ मध्ये लंडनमधील एका सभेत जाहीर केली. तिच्यात उत्नपिश्तिम नावाचा पुरुष देवाच्या सूचनेवरून नाव बांधतो, सहा दिवस व सात रात्री वादळ होते, नाव डोंगराला लागते आणि जमीन शोधण्यासाठी तो पारवा, पाकोळी व डोमकावळा सोडतो. बायबलमधील नोहाच्या कथेतही डोमकावळा आणि कबुतर आहे. ग्रीकांच्या कथेत ड्यूकेलियन आणि पिऱ्हा हे पतिपत्नी एका पेटीत बसून वाचतात आणि दगड पाठीमागे टाकून नवी माणसे निर्माण करतात.

या सर्व कथांचा सांगाडा सारखा आहे. आधी सूचना येते, मग तरंगणारी वस्तू सिद्ध होते, पाणी सर्वत्र पसरते, थोडे जण उंच जागी वाचतात आणि पुन्हा नवी सुरुवात होते.

आपल्या भागातील कथा

राजुरा तालुका पूर्वी हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर १९५६ मध्ये तो नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ मध्ये चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात आला. आदिलाबादच्या राजगोंडांच्या कथा आणि विधी ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाने १९४० नंतरच्या काळात गोळा केल्या. त्या वेळी राजुरा त्याच जिल्ह्यात होता. गोंडांच्या वंशकथा सांभाळण्याचे काम प्रधान लोक पिढ्यान् पिढ्या करीत आले आहेत. किंगरीच्या साथीवर ते या कथा गातात.

त्यापूर्वी नागपूरचे स्टीफन हिस्लॉप यांनी एका प्रधानाकडून लिंगोचे दीर्घ गीत उतरवून घेतले होते. हिस्लॉप मिशनरी होते, तसेच भूशास्त्राचेही अभ्यासक होते. नागपूर-चांदा भागातील खडक आणि जीवाश्म त्यांनी पाहिले होते. त्यांचे लेखन रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले.

या गीतात एका पुराचा प्रसंग आहे. गुहेत कोंडल्या गेलेल्या गोंडांची लिंगो सुटका करतो आणि सर्व जण वाटेला लागतात. इतक्यात आभाळ भरून येते आणि नदीला पूर येतो. बाकीचे पलीकडे पोहोचतात. चार जण व लिंगो अलीकडच्या काठावर अडकतात. मगर आणि कासव त्यांना पार नेण्याचे वचन देतात. मगर चौघांना घेऊन निघते आणि मध्यधारेत त्यांना बुडवू पाहते. कासवावर बसलेला लिंगो त्यांना हात देऊन कासवाच्या पाठीवर ओढून घेतो. कासवाने प्राण वाचवले म्हणून त्याला कधी मारायचे नाही, अशी शपथ ते चौघे घेतात.

मनूच्या किंवा नोहाच्या कथेपेक्षा ही कथा वेगळी आहे. येथे पृथ्वी बुडत नाही, एक नदी फुगते. देवाचा कोप नाही, आभाळ भरून येणे आहे. प्रश्न जग वाचवण्याचा नाही, नदी ओलांडण्याचा आहे. पावसाळ्यात नाले ओलांडून शाळेत, बाजाराला किंवा दवाखान्यात जाणाऱ्या माणसाला हे संकट समजावून सांगावे लागत नाही.

ज्यांनी हे गीत उतरवले त्या हिस्लॉप यांचा अंतही असाच झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी नागपूरजवळ टाकळघाटहून परत येताना पावसाने फुगलेला नाला घोड्यावरून ओलांडताना ते बुडाले. ते गेल्यावर तीन वर्षांनी गीत छापले गेले.

सर्व पृथ्वी बुडण्याच्या कथाही मध्य भारतात आहेत. व्हेरिअर एल्विन यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'मिथ्स ऑफ मिडल इंडिया' या संग्रहात अशा अनेक कथा आहेत. माडिया व मुरिया गोंडांच्या कथांत जुने जग बुडते आणि एका भोपळ्यात बसलेले भाऊबहीण पाण्यावर तरंगत राहतात. बैगा आणि आगरिया लोकांच्या कथांत पृथ्वी पाण्याखाली हरवते. कावळा ती शोधायला निघतो, खेकडा त्याला मदत करतो आणि शेवटी गांडुळाने गिळलेली माती परत मिळवून नवी जमीन तयार होते. वाळका भोपळा पाण्यावर तरंगतो, गांडूळ माती गिळून वर आणते, खेकडा चिखलात बिळे करतो, या सर्व गोष्टी कथाकारांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या आहेत. कथेची घटना कल्पित असली तरी तिचे साहित्य घराजवळचेच असते.

सगळी पृथ्वी बुडू शकेल काय?

आता थोडे गणित करू. पृथ्वीचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर आहे. एव्हरेस्ट शिखराची उंची ८.८५ किलोमीटर. ते बुडेल इतके पाणी सर्वत्र भरायचे तर

५१ कोटी × ८.८५ = सुमारे ४५१ कोटी घन किलोमीटर

पाणी लागेल. डोंगर व पठारांनी व्यापलेला भाग यातून वजा केला तरी हा आकडा फारसा घटत नाही. पृथ्वीवरील सर्व महासागरांत मिळून सुमारे १३३ कोटी घन किलोमीटर पाणी आहे. म्हणजे आज जितके समुद्र आहेत त्यांच्या तिपटीहून अधिक पाणी नव्याने आणावे लागेल.

ते पावसातून येईल काय? हवेत एका वेळी असलेली सर्व वाफ पाणी होऊन एकाच वेळी पडली आणि पृथ्वीभर सारखी पसरली, तर थर होईल सुमारे २५ मिलिमीटरचा, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढा! राजुऱ्यात एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस पडू शकतो, याचे कारण वारे दूरच्या समुद्रावरची वाफ एका ठिकाणी आणून ओततात. एका जागी पाऊस वाढतो तेव्हा दुसरीकडे आभाळ कोरडे असते.

जमिनीवरचा सर्व बर्फ वितळला तर समुद्राची पातळी सुमारे ६५ ते ७० मीटर चढेल. मुंबईसारखी शहरे त्यात बुडतील, पण समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरहून उंच असलेले राजुरा बुडणार नाही. तेव्हा एकाच वेळी सर्व पृथ्वी बुडवणारा पूर पाण्याच्या हिशेबातच बसत नाही.

खडक काय सांगतात?

"पण आमच्याकडे समुद्र होता, असे खडक सांगतात ना?" असे कोणी विचारील. शंका योग्य आहे. गडचांदूर, माणिकगड आणि आवारपूर या भागातील सिमेंट कारखाने ज्या चुनखडीवर चालतात, ती पैनगंगा गटातील चुनखडी उथळ समुद्रात साचलेली आहे. परंतु तिचे वय सुमारे शंभर कोटी वर्षे किंवा त्याहूनही अधिक आहे. राजुऱ्याजवळील सास्तीच्या खाणीतला कोळसा पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतील वनस्पतींपासून झाला. आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर येऊन सुमारे तीन लाख वर्षेच झाली आहेत. त्या समुद्राची आठवण ठेवायला कोणीही नव्हते. शिवाय तो समुद्र म्हणजे काही दिवसांचा पूर नव्हे. चुनखडीचे ते जाड थर साचायला फार दीर्घ काळ लागला.

डोंगरावर समुद्री शिंपले सापडतात म्हणून महापूर खरा, असा युक्तिवाद युरोपातही होत असे. चित्रकार आणि वैज्ञानिक लिओनार्दो द विंची याने सुमारे पाचशे वर्षांपूर्वी त्याला उत्तर दिले. शिंपल्यातला प्राणी दिवसाला काही हातच सरकतो. मग समुद्रापासून अडीचशे मैल दूरच्या डोंगरापर्यंत तो चाळीस दिवसांत कसा गेला? आणि शिंपले एका थरात न सापडता एकावर एक अनेक थरांत का सापडतात? म्हणून पूर डोंगरावर गेला नसून पूर्वी समुद्राचा तळ असलेली जमीन उंच उचलली गेली, हे त्याने ओळखले.

मात्र छोट्या पुरांचा पुरावा मातीत मिळतो. १९२९ मध्ये लेनर्ड वुली याला इराकमधील ऊर येथे उत्खननात अडीच ते साडेतीन मीटर जाडीचा स्वच्छ गाळाचा थर मिळाला. वर आणि खाली वस्तीचे अवशेष, मध्ये नुसता गाळ. "हाच तो महापूर" असे त्याला वाटले. पुढे किश आणि शुरुप्पक या गावांतही गाळाचे थर आढळले, पण त्यांचे काळ निरनिराळे निघाले. एक विश्वव्यापी पूर नव्हता, तर वेगवेगळ्या काळी आलेले अनेक मोठे पूर होते. ज्या गावाचे सर्व जग नदीकाठच्या काही मैलांत सामावले होते, त्या गावापुरते जग खरोखरच बुडाले होते.

कथा सारख्या का, आणि वेगळ्या का?

काही कथा सारख्या आहेत याचे कारण त्या प्रवास करतात. मेसोपोटेमियाची कथा आणि नोहाची कथा यांत पक्षी सोडण्याइतके बारीक साम्य आहे. एकीचा संबंध दुसरीशी आहे, याबद्दल अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. व्यापारी, यात्रेकरू, सैनिक आणि लग्न होऊन परगावी गेलेल्या मुली कथा बरोबर नेतात. परंतु सर्वच कथा प्रवासाने पसरल्या असे मानण्याचे कारण नाही. नदीकाठी किंवा समुद्रकाठी शेती करणारे लोक जगभर आहेत आणि पूरही जगभर येतात. पूर आला की करण्यासारख्या गोष्टी थोड्याच असतात: तरंगणे, उंच जागी जाणे, पाणी उतरण्याची वाट पाहणे. म्हणून सांगाडा सारखा होतो.

भेद अधिक बोलके आहेत. चीनमधील महापुराच्या कथेत नाव मुख्य नाही. गुन नावाचा पुरुष नऊ वर्षे बांध घालून पाणी अडवू पाहतो आणि हरतो. त्याचा मुलगा यू पाण्याला वाट करून देण्यासाठी तेरा वर्षे कालवे खणतो. स्वतःच्या घरावरून तीनदा जातो, पण आत शिरत नाही. पीत नदी गाळाने पात्र भरून वारंवार मार्ग बदलते. अशा नदीकाठी पूर म्हणजे पळण्यापेक्षा मिळून खणण्याचा प्रश्न होता. उलट प्राचीन ईजिप्तमध्ये नाईल दरवर्षी ठरल्या वेळी चढे आणि शेतांवर सुपीक गाळ पसरून उतरे. तेथे माणसांना बुडवणाऱ्या महापुराची कथा ठळक नाही. पाणी जसे वागते तशी कथा घडते.

म्हणून पूरकथा ऐकताना "खरी की खोटी?" हा एकच प्रश्न पुरत नाही. पाणी कोठून आले, किती वेगाने चढले, सूचना कशाने मिळाली, माणसे कोठे गेली, असे साक्षीदाराला विचारावेत तसे प्रश्न तिला विचारावेत.

वर्धा अशी का फुगते?

आता हेच प्रश्न आपल्या नदीला विचारू. वर्धा सातपुड्यात बैतुल जिल्ह्यातील मुलताईजवळ उगम पावते. अजिंठ्याच्या डोंगरांतून येणारी पैनगंगा तिला चंद्रपूर जिल्ह्यात मिळते. वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यातून येते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र झाल्या की त्या प्रवाहाला प्राणहिता म्हणतात. प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. या सर्व नद्यांचे पाणलोट क्षेत्र सुमारे १ लाख ९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे गोदावरीच्या एकूण खोऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक आहे.

या क्षेत्रावर सरासरी १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील निम्मे पाणी वाहून आले असे समजा. ते होईल ५४५ कोटी घनमीटर. पाच दिवसांत ते वाहून जायचे तर प्राणहितेतून दर सेकंदाला सुमारे १२,६०० घनमीटर पाणी गेले पाहिजे. पात्रात ते मावले नाही तर काठावर पसरते.

यातून पहिली गोष्ट अशी निघते की पूर यायला पाऊस आपल्या गावात पडला पाहिजे असे नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या वरच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला आणि गोसीखुर्द धरणातून मोठा विसर्ग सोडावा लागला. खाली ब्रह्मपुरी आणि गडचिरोलीकडील गावांत पाणी शिरले.

दुसरी गोष्ट म्हणजे फुगवटा. दोन नद्यांच्या संगमावर मोठी नदी आधीच भरून वाहत असेल, तर लहान नदीचे पाणी पुढे सरकू शकत नाही. ते मागे तुंबते आणि उलट दिशेने चढते. वर्धा भरली की चंद्रपुरात इरईचे पाणी शहराच्या सखल वस्त्यांत शिरते, ते असेच. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम आहे. तेथेही पावसाळ्यात फुगवट्याने रस्ता बुडतो आणि गावांचा संपर्क तुटतो. फुगवट्याचे पाणी गर्जना करीत येत नाही. धुऱ्यावरून, नाल्यातून, शेताच्या मागच्या बाजूने ते हळूच चढते. नदीकडे तोंड करून पहारा देणाऱ्याच्या पाठीमागे पाणी येते! नदी आवाज करील तेव्हा निघू, असे ठरवणारा अडकतो.

तिसरी गोष्ट रपट्याची. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. गुडघ्याच्याही खाली असलेले जोराचे पाणी मोठ्या माणसाचे पाय उचलू शकते, आणि सुमारे ६० सेंटिमीटर खोलीचे वेगवान पाणी मोटारगाडी वाहून नेऊ शकते. पाणी गढूळ असते, त्याखाली रस्ता आहे की खचला आहे हे दिसत नाही. लिंगोच्या गीतातील मगर मध्यधारेतच दगा देते, हे येथे आठवावे. काठावरून नाला ओलांडण्याजोगा दिसतो. फसवणूक मध्ये गेल्यावर कळते.

आठवण कमी पडते तेव्हा

मोठा पूर क्वचित येतो, आणि त्यातच धोका आहे. पूरनियमनासाठी आपल्याकडे नदीकाठी दोन रेषा आखतात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ एकदा येऊन गेला की शंभर वर्षे निश्चिंती, असा नव्हे. त्याचा अर्थ कोणत्याही वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक आहे. न येण्याची शक्यता ०.९९. सत्तर वर्षांच्या आयुष्यात तो एकदाही न येण्याची शक्यता काढण्यासाठी ०.९९ ला ०.९९ ने सत्तर वेळा गुणले पाहिजे. उत्तर येते सुमारे ०.४९५. म्हणजे सत्तर वर्षे जगणाऱ्या दोन माणसांपैकी साधारणपणे एकाला तो पूर पाहावा लागेल, दुसऱ्याला नाही. ज्याने पाहिला नाही तो म्हणेल, "माझ्या उभ्या आयुष्यात येथे पाणी आले नाही." तो खरे बोलत असेल, तरी घर तेथे बांधणे सुरक्षित ठरत नाही.

याच वर्धा नदीच्या वरच्या भागात नागपूर जिल्ह्यातील मोवाड हे गाव आहे. ३० जुलै १९९१ रोजी नदीचे पाणी गावात शिरले आणि २०४ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे गावाचे पुनर्वसन करावे लागले.

एका माणसाचे आयुष्य जेथे अपुरे पडते तेथे कथा कामी येते. याचे उत्तम उदाहरण इंडोनेशियातील सिमेउलुए बेटावर आहे. १९०७ मध्ये तेथे भूकंप होऊन सुनामी आली आणि पुष्कळ लोक मेले. वाचलेल्यांनी त्या लाटेला 'स्मोंग' हे नाव दिले आणि पुढच्या पिढ्यांना ती गोष्ट सांगत राहिले: जमीन जोराने हलली आणि समुद्र मागे हटला, तर काही न घेता डोंगराकडे पळा. २६ डिसेंबर २००४ रोजी पुन्हा तसे घडले. बेटावर सुमारे ७८ हजार लोक होते. स्मोंग ही हाक गावोगाव झाली आणि लोक डोंगरावर धावले. मृतांची संख्या सात होती. इतर किनाऱ्यांवर, जेथे अशी कथा नव्हती, तेथे लाखो माणसे गेली.

सिमेउलुएची कथा उपयोगी का पडली? तिच्यात धोक्याची खूण होती, करायची कृती होती आणि ती प्रत्येक मुलाला सांगितली जात होती. यांपैकी एक जरी गोष्ट गळाली असती तरी ती केवळ करमणुकीची कथा राहिली असती.

तुम्ही हे करा

केंद्रीय जल आयोग बल्लारपूर, आष्टी आणि टेकडा अशा ठिकाणी नद्यांची पातळी मोजतो. पण प्रत्येक गावात मोजपट्टी नाही. तुमच्या गावाची नोंद तुमच्या वर्गाला करता येईल. हे काम पाणी ओसरल्यावर, दिवाळीनंतर करावे. पूर असताना नदीजवळ जाऊ नये.

१. गावातील साठ वर्षांवरील पाच-सहा जणांना वेगवेगळे भेटा. एकत्र विचारले तर एकाचे ऐकून दुसरा तेच सांगतो. पाणी कोठपर्यंत आले, ती जागा प्रत्यक्ष दाखवायला सांगा: देवळाची पायरी, विहिरीचा काठ, चिंचेचे खोड.

२. साल आठवत नसेल तर "तेव्हा तुमचे लग्न झाले होते काय? मोठा मुलगा किती वर्षांचा होता?" असे विचारा आणि साल काढा.

३. पाणी कोणत्या बाजूने आले, नदीकडून की मागच्या नाल्यातून? किती वेळात चढले? कशावरून अंदाज आला? माणसे व गुरे कोठे नेली?

४. दाखवलेल्या खुणांची उंची मोजा. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घ्या. नळीच्या दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीत राहते, म्हणून एक टोक खुणेजवळ आणि दुसरे शाळेच्या जोत्याजवळ धरून दोन्हींतील फरक काढता येतो. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका.

५. सर्व खुणा एका नकाशावर मांडा. एकाच पुराबद्दल निरनिराळ्या लोकांनी सांगितलेली पातळी जुळते काय, ते पाहा. जुळत नसेल तर ती नोंद खोडू नका. दोन्ही आकडे लिहा आणि कारण शोधा.

६. पूर, नदी, मासा, कासव यांच्या कथा ज्या भाषेत सांगितल्या जातात त्याच भाषेत, गोंडी असल्यास गोंडीत, देवनागरीत उतरवा. सांगणाऱ्याची परवानगी घ्या आणि कथेत आपल्या मनाने दुरुस्ती करू नका. आज निरर्थक वाटणारा तपशील उद्या उपयोगी ठरू शकतो.

शिक्षकांनी हे काम भूगोल, गणित आणि भाषा या तिन्ही विषयांत वाटून दिल्यास सर्व वर्गाला भाग घेता येईल. मिळालेली सर्वांत उंच खूण शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगाने आखावी, जवळ साल लिहावे, आणि पाणी तेथवर येण्याआधी कोणत्या वाटेने कोठे जायचे हेही खाली लिहावे. दरवर्षी मृग लागला की पाचवीत आलेल्या मुलांना त्या रेषेपाशी नेऊन त्या पुराची गोष्ट सांगावी.

विचार करा

(अ) २५ वर्षांतून एकदा येणारा पूर पुढील ३० वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता किती? (०.९६ ला ०.९६ ने ३० वेळा गुणून ते उत्तर १ मधून वजा करा. सुमारे ०.७१ येईल.)

(आ) मनूच्या, यूच्या आणि लिंगोच्या कथेतील पूर कोणत्या प्रकारच्या प्रदेशात घडला असावा, हे केवळ कथेतील तपशिलांवरून सांगता येईल काय?

(इ) तुमच्या गावाला पुराचा धोका कोणत्या बाजूने आहे: वरून येणाऱ्या पाण्याचा, की खालून चढणाऱ्या फुगवट्याचा? उत्तर देण्यापूर्वी आजीला विचारा.